डोंगरातलं काल्पनिक शहर कसं वसवायचं? टॉल्किनने त्यासाठी अख्खं आयुष्य घालवलं

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारखे रोलप्लेइंग गेम तुम्ही खेळला असाल, निदान वेब सिरीजमध्ये तरी पाहिले असतील. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, फासे टाकतात आणि त्या गोष्टीत शिरतात. या डन्जन मास्टरला कधी ना कधी डोंगरावरचं शहर उभं करावं लागतंच. मग तो कागद घेतो. उंच शिखर काढतो, शिखरावर राजवाडा, राजवाड्यावर झेंडा, खाली गोल तटबंदी. दिसायला एकदम झकास.

आणि खेळ सुरू झाल्यावर एखादा खेळाडू विचारतो, इथले लोक पाणी कुठून आणतात? दुसरा विचारतो, एवढ्या उंचावर खातात काय? तिसऱ्याला मागच्या बाजूने चोरवाट हवी असते. नकाशात यातलं काहीच नसतं. दहा मिनिटांत शहराचा नुसता देखावा होतो.

या प्रश्नांचा आधीच विचार करून ठेवणारा एक माणूस होऊन गेला. असे गेम बाजारात येण्याआधीच तो वारला, पण आज काल्पनिक डोंगरी शहर काढायला बसणारा जवळपास प्रत्येक जण कळत-नकळत त्याचीच वही गिरवत असतो. त्याचं नाव जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा.

त्याच्या शहरांची एक गंमत आहे. ती उभी कशी राहतील याबरोबरच ती पडतील कशी, याचाही विचार त्यांच्या आराखड्यात दिसतो. हे समजून घ्यायचं तर त्याच्या आयुष्याकडे बघावं लागतं.

घरं सुटत गेलेला मुलगा

टॉल्किनचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. वडील तिथे बँकेत मॅनेजर होते. तो तीन वर्षांचा असताना आई त्याला आणि धाकट्या भावाला घेऊन इंग्लंडला माहेरी आली. वडील मागून येणार होते, पण १८९६ मध्ये तिकडेच आजारी पडून वारले. परत जायला घर उरलं नाही.

आईने बर्मिंगहॅमच्या बाहेर सेअरहोल नावाच्या खेड्यात बिऱ्हाड थाटलं. तिथे नदीकाठी पाण्यावर चालणारी गिरणी होती, शेतं होती, झाडं होती. आईनेच मुलाला लॅटिन शिकवलं, चित्रं काढायला शिकवलं, झाडापानांची ओळख करून दिली. चार वर्षांनी तेही घर सुटलं आणि हे कुटुंब बर्मिंगहॅमच्या धुरात राहायला गेलं. १९०४ मध्ये आईही मधुमेहाने गेली. तेव्हा इन्सुलिनचा शोध लागायचा होता. टॉल्किन १२ वर्षांचा होता. दोन्ही भावांची जबाबदारी फादर फ्रान्सिस मॉर्गन या कॅथलिक धर्मगुरूंनी घेतली.

पोरक्या मुलाला भाषांचा नाद लागला. ग्रीक, लॅटिन, जुनी इंग्रजी, जुनी नॉर्स, पुढे फिनिश. इतरांच्या भाषा शिकता शिकता तो स्वतःच्या भाषा बनवायला लागला. पण भाषेला बोलणारे लोक लागतात, लोकांना राहायला जागा लागते आणि जागेला इतिहास लागतो. त्याचं अख्खं काल्पनिक जग या क्रमाने वाढत गेलं.

पाठीवर ओझं घेऊन पाहिलेला डोंगर

१९११ च्या उन्हाळ्यात, १९ वर्षांचा असताना, तो भाऊ, मावशी आणि ओळखीच्या मंडळींबरोबर स्वित्झर्लंडला गेला. पाठीवर जड सामान घेऊन डोंगर चढायचे, रात्री मिळेल तिथे अंग टाकायचं, असा तो प्रवास होता. लाउटरब्रुनेनची खोल दरी, तिच्या दोन्ही अंगांचे उभे कडे आणि त्यावरून कोसळणारे धबधबे त्याने तिथे पाहिले. एकदा हिमनदीजवळच्या वाटेवर वरून दगड घरंगळत आले आणि मंडळी थोडक्यात वाचली.

पुढे कित्येक वर्षांनी त्याने स्वतःच सांगितलं की ‘द हॉबिट’मधला धुक्याच्या डोंगरांचा प्रवास या पायपिटीतून आला. त्याच्या गोष्टींत डोंगर चढताना दम लागतो, थंडी बोचते, सामान जड होतं, वाट चुकते. एका खिंडीत बर्फ पडलं की अख्खा बेत बदलतो. गेमसाठी शहर काढणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शहरापर्यंत पोचायला किती दिवस लागतात, हिवाळ्यात कोणती वाट बंद होते, खेचर कुठपर्यंत चढतं, हे ठरलं की शहराचा अर्धा स्वभाव ठरतो. सहा महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटणारं शहर कोठारं बांधतं. वर्षभर खुल्या खिंडीवरचं शहर जकात गोळा करतं.

खंदकातून परतल्यावर उभं केलेलं पहिलं शहर

टॉल्किन ऑक्सफर्डमधून १९१५ मध्ये पहिल्या वर्गात पास झाला आणि लगेच सैन्यात गेला. मार्च १९१६ मध्ये त्याने एडिथ ब्रॅटशी लग्न केलं आणि काही महिन्यांत तो फ्रान्सला, सोमच्या लढाईत पोचला. लँकेशायर फ्युसिलिअर्सच्या तुकडीत तो सिग्नल अधिकारी होता. टेलिफोनच्या तारा, झेंडे, दिवे, कबुतरं, धावत निरोप नेणारे शिपाई, हे त्याचं काम. म्हणजे कोणती वाट कुठे जाते, कुठून दिसतं, कुठून दिसत नाही, हे कळणं त्याच्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

शाळेतल्या चार जिवलग मित्रांचं एक टोळकं होतं. त्यातला रॉब गिल्सन सोमच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला मारला गेला. जेफ्री स्मिथ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जखमांनी गेला. टॉल्किनला खंदकातल्या उवांमुळे होणारा ताप चढला, म्हणून त्याला नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला परत पाठवलं. चौघांतले दोघंच उरले.

या आजारपणाच्या दिवसांत त्याने एक कथा लिहायला घेतली. त्याच्या जगातली ही पहिली मोठी कथा म्हणजे एका शहराच्या पाडावाची गोष्ट. त्या शहराचं नाव गोंडोलिन.

गोंडोलिनची रचना बघा. चारही बाजूंनी उंच डोंगरांचं कडं. आत गोल, सपाट, हिरवं मैदान. मैदानाच्या मध्यात एक खडकाळ टेकडी आणि तिच्यावर पांढऱ्या दगडाचं शहर, कारंज्यांनी भरलेलं. बाहेरच्या जगाला हे शहर आहे हेच माहीत नाही. आत यायचा रस्ता गुप्त. आणि चुकून कुणी आत आलाच, तर टेकडीवरच्या पहारेकऱ्याला तो सपाट मैदानावर लांबूनच दिसणार.

म्हणजे या शहराचं सगळ्यात मोठं शस्त्र होतं गुपित. त्यामुळे ते पडणार तेही गुपित फुटूनच. राजाचा स्वतःचा भाचा, मायग्लिन, शत्रूच्या हाती सापडतो आणि शहराचा ठावठिकाणा सांगून टाकतो. एका सणाच्या दिवशी ड्रॅगन आणि अग्नीचे राक्षस डोंगर ओलांडून येतात. लढाई चौकाचौकात होते. टॉल्किनने या चौकांना, रस्त्यांना आणि प्रत्येक घराण्याला नावं दिली होती, त्यामुळे कुठला भाग कधी हातचा गेला हे वाचणाऱ्याला कळतं. राजाची मुलगी इड्रिल हिला आधीच संशय आलेला असतो. तिने गुपचूप भुयार खणून घेतलेलं असतं. त्या भुयारातून थोडी माणसं वाचतात.

ही कथा म्हणजे सोमचं रूपक, असं मात्र म्हणू नका. आपल्या लिखाणाचे असे अर्थ लावलेले टॉल्किनला अजिबात आवडत नसत. पण मजबूत दिसणारी व्यवस्था कशी ढासळते, हे ज्याने २४ व्या वर्षी पाहिलं, त्याने पहिल्याच शहरात भुयार खणून ठेवलं, एवढं आपण नोंदवू शकतो.

डोंगराच्या पोटातली शहरं

युद्धानंतर टॉल्किनने ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात काम केलं, लीड्सला शिकवलं आणि १९२५ मध्ये तो ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन भाषेचा प्राध्यापक झाला. चार मुलं, व्याख्यानं, आणि जास्तीच्या पैशांसाठी उन्हाळ्यात तपासलेले परीक्षेचे पेपर. असाच एक पेपर तपासताना कोऱ्या पानावर त्याने हॉबिटबद्दलचं पहिलं वाक्य लिहिलं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ‘द हॉबिट’ सप्टेंबर १९३७ मध्ये आलं, त्याने स्वतः काढलेल्या नकाशांसह.

त्यात एरेबॉर हे बुटक्यांचं, म्हणजे ड्वॉर्फ लोकांचं शहर आहे. हे शहर डोंगराच्या पोटात कोरलेलं. आता पाण्याचा प्रश्न घ्या. नदी डोंगरातच उगम पावते आणि मुख्य दरवाज्यातून बाहेर पडते. अन्नाचा प्रश्न? हे बुटके शेती करतच नाहीत. पायथ्याशी डेल नावाचं माणसांचं शहर आहे. बुटके शस्त्रं, दागिने, खेळणी घडवतात आणि त्या बदल्यात डेलकडून धान्य घेतात. त्यामुळे ड्रॅगन येतो तेव्हा दोन्ही शहरं एकत्र बुडतात. आणि पुढे बुटके दरवाजा दगडांनी चिणून आत कोंडून घेतात, तेव्हा पाणी भरपूर असतं, पण अन्न संपत येतं. अख्खा पेच शहराच्या रचनेतूनच उभा राहतो.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं मोरिया याच्याही पुढचं. तिथली श्रीमंती मिथ्रिल या धातूची, आणि त्या धातूसाठी खाणी खोल खोल जात राहतात. शेवटी खाली निजलेला बॅलरॉग जागा होतो. शहर ज्याच्यावर जगलं त्यानेच ते मेलं. मोरियातला तो प्रसिद्ध अरुंद पूलसुद्धा उगाच नाही. त्याला ना कठडा, ना रुंदी. शत्रू पहिली दालनं जिंकून आला तरी त्याला एका रांगेतच पुढे सरकता यावं, म्हणून तो तसा बांधला. पुढे पळणाऱ्या नायकांनाही त्याच पुलावरून एका रांगेत जावं लागतं.

मोरियात एक जळकी, फाटकी वही सापडते. टॉल्किनने तिची काही पानं खरोखर तयार केली. कागदावर त्या लिपीत लिहिलं, रंग लावला, कडा जाळल्या, भोकं पाडली. छपाईचा खर्च परवडत नाही म्हणून प्रकाशकाने १९५४ च्या पुस्तकात ती घातली नाहीत. आज गेमर मंडळी चहाच्या पाण्यात कागद बुडवून खेळाडूंसाठी जुनी पत्रं बनवतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

मिनास तिरिथ: सात तट आणि न जुळणारे दरवाजे

आता त्याचं सगळ्यात प्रसिद्ध डोंगरी शहर. मिनास तिरिथ मुळात राजधानी नव्हतीच. राजधानी होती नदीवरचं ओस्गिलियाथ. डोंगराकडचा हा नुसता लष्करी गड होता. पुढे साथ आली, ओस्गिलियाथ ओस पडत गेलं आणि राजा गडावर राहायला आला. म्हणून या शहराची रचना बाजारपेठेची नाही, गडाची आहे.

शहराला सात पातळ्या, प्रत्येकीला आपला तट आणि आपला दरवाजा. हे दरवाजे एका रेषेत नाहीत. पहिला पूर्वेला, दुसरा आग्नेयेकडे, तिसरा ईशान्येकडे, असे आलटून पालटून. त्यामुळे वर जाणारा रस्ता नागमोडी होतो. किल्ले हिंडलेल्यांना यातला हेतू लगेच कळेल. एक दरवाजा फोडून आलेल्या शत्रूला दुसऱ्यापर्यंत तटाखालूनच चालत जावं लागतं आणि वरून मारा होत राहतो.

शहराच्या मधोमध जहाजाच्या नाळेसारखा एक प्रचंड कातळ पुढे आलाय. तो पहिली पातळी सोडून बाकी सगळ्या पातळ्यांना दुभागतो. रस्ता या कातळाशी आला की बोगद्यातून पलीकडे जातो. कातळाचा माथा मुख्य दरवाज्यापासून ७०० फूट उंच. त्याच्यामागे बालेकिल्ला आणि ३०० फुटी पांढरा मनोरा.

रोजचं जगणंही जागेवर आहे. खालच्या पातळीवर दिवे बनवणाऱ्यांची गल्ली आणि जुनी धर्मशाळा. सहाव्या पातळीवर रुग्णालय आणि निरोप्यांच्या घोड्यांचे तबेले, कारण घोडा सातव्या दरवाज्यातून आत जात नाही. मागच्या बाजूला राजांच्या समाधींकडे नेणारी शांत वाट, तिचा दरवाजा एरवी बंद. तटाबाहेर शेतं आणि बागा, त्यांच्याभोवती आणखी एक लांबलचक भिंत. जवळ नदीचा धक्का. धान्य कुठून येतं, हे विचारायची वेळच येत नाही.

आणि एक उदास तपशील. शहरात राहू शकतील त्याच्या निम्मेच लोक तिथे उरलेत. मोठमोठे वाडे आहेत, दारांवर जुन्या घराण्यांची नावं कोरलेली आहेत, पण आत कुणी नाही. शत्रू येण्याआधीच शहर आतून रिकामं होत आलंय. लढाईत बाहेरची भिंत पडते, शेतं जळतात, मुख्य दरवाजा फुटतो. पण शहराचा खरा घात सगळ्यात वर होतो. तिथला कारभारी आशा सोडून बसलेला असतो. सात तट ओलांडून येणारी ती एकच गोष्ट होती.

मोठा नकाशा सगळे घोळ उघडे पाडतो

टॉल्किन नकाशा आधी काढायचा आणि गोष्ट त्यात बसवायचा. उलट केलं तर घोळ होतो, हे त्याचं ठाम मत. कोण एका दिवसात किती मैल चालेल, त्या रात्री चंद्र कुठल्या कलेत असेल, याचे हिशोब तो ठेवायचा. तरीही तिसऱ्या खंडासाठी गोंडोर आणि मॉर्डॉरचा मोठा नकाशा करायची वेळ आली तेव्हा त्याची दमछाक झाली. लहान नकाशात झाकली गेलेली अंतरांची गडबड मोठ्यात उघडी पडली. छापायचा नकाशा शेवटी मुलाने, क्रिस्टोफरने, सुबक काढून दिला. तो खंड ऑक्टोबर १९५५ मध्ये आला.

पण पहिलं शहर त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. १९५१ च्या सुमारास त्याने गोंडोलिनची कथा पुन्हा लिहायला घेतली. या वेळी गुप्त वाटेवर सात दरवाजे आले: लाकूड, दगड, कांसं, लोखंड, चांदी, सोनं आणि शेवटी पोलाद. पोलादाचा सर्वांत भक्कम दरवाजा कुणी घडवला? मायग्लिनने. पुढे शहर विकणाऱ्यानेच.

कथेतला तुओर सातही दरवाजे पार करतो, समोर बर्फाळ डोंगरांमध्ये पांढरं शहर दिसतं, आणि तिथेच हस्तलिखित थांबतं. टॉल्किनने ते कधीच पुरं केलं नाही. १९७१ मध्ये एडिथ गेली. २ सप्टेंबर १९७३ ला, ८१ व्या वर्षी, तोही गेला. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत दोघं एकत्र आहेत. ती अर्धी कथा क्रिस्टोफरने १९८० मध्ये छापली आणि गोंडोलिनचं स्वतंत्र पुस्तक २०१८ मध्ये आलं, सुरुवातीनंतर शंभराहून जास्त वर्षांनी.

टॉल्किन गेल्यानंतर काही महिन्यांतच, १९७४ मध्ये, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. पहिल्या आवृत्तीत हॉबिट, एंट, बॅलरॉग ही नावं तशीच होती. हक्कदारांनी आक्षेप घेतल्यावर हॉबिटचे हाफलिंग झाले. नावं बदलली, पण डोंगराच्या पोटातली ओसाड दालनं आणि बुटक्यांच्या खाणी तिथेच राहिल्या.

आता तुमचं शहर

तर पुढच्या वेळी डोंगरावर शहर काढायला बसाल, तेव्हा राजवाडा शेवटी काढा. आधी पाणी कुठे लागतं ते ठरवा, कारण वस्ती तिथेच होणार. मग धान्य कोण देतं आणि त्याच्या बदल्यात काय घेतं, ते लिहा. वर येणारी वाट काढा, तिच्यावरचे दरवाजे मुद्दाम चुकवा. शहर मुळात कशासाठी बांधलं आणि आज कशासाठी वापरलं जातं, यातला फरक शोधा. एक-दोन गल्ल्या रिकाम्या ठेवा आणि तिथले लोक का गेले ते फक्त तुम्हाला माहीत असू द्या.

आणि सगळं झाल्यावर शांतपणे विचार करा, हे शहर पडलं तर नेमकं कशाने पडेल? उत्तर सापडलं की ते नकाशावर लिहू नका. तिथे फक्त एक भुयार काढून ठेवा. तुमच्या खेळाडूंना कधी ना कधी त्याची गरज पडेल.